दोन दिवसांच्या गोळ्या

“एवढंच?” महेशनं चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. पुढेही फार नव्हतं. तेजलचं नाव, वय साडेचार, वजन पंधरा किलो, ताप आणि दुखणं उतरायला एक पातळ औषध, ते किती आणि किती तासांनी द्यायचं, आणि खाली डॉक्टरबाईंच्या सुट्या सुट्या अक्षरात एक ओळ, की अँटिबायोटिक आत्ता नको, अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. बाकी कागद कोरा. जेल रोडवरच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर आम्ही उभे होतो. शनिवारची सकाळ होती, तेजल माझ्या खांद्यावर डावा कान दाबून पडली होती आणि माझा नवरा त्या कागदाकडे असा पाहत होता, जसं कुणी जेवायला बोलावून नुसतं पाणी पुढं ठेवलंय. आमच्याकडे डॉक्टर चिठ्ठीच्या लांबीवर मोजतात. पाच औषधं लिहिली तर हुशार, वर इंजेक्शन दिलं तर देवमाणूस, आणि एकच लिहिलं तर कालचं पोर. महेश म्हणाला, “दुसरीकडे दाखवू या का? आमच्या शोरूममधले सगळे ज्यांच्याकडे जातात ते जुने डॉक्टर आहेत. पहिल्याच दिवशी स्ट्राँग देतात.” मी ‘नको’ म्हणाले. ठाम म्हणाले, पण आतून मला त्याच्याइतकाच तो कागद भरलेला हवा होता. रात्रभर कण्हत काढलेल्या पोरीच्या आईला वाट पाहायला सांगणं म्हणजे काय, हे त्या कोऱ्या जागेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तरी मी ‘नको’ म्हणाले, त्याला कारण होतं. आत तपासताना डॉक्टरबाई मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही या खुर्चीत बसता का? त्या बाजूनं बोलले की तुम्हाला ऐकू येत नाहीये.” किती वाजले हे सांगावं तसं त्या म्हणाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, असं सरळ मला कुणी म्हटलं नव्हतं. महेशला माहीत आहे, तो रस्त्यानं चालताना आपसूक माझ्या उजवीकडे येतो, पण त्याबद्दल आम्ही बोलत नाही. सासूबाई म्हणतात, हिला आपल्या मतलबाचं तेवढं ऐकू येतं, आणि मी हसते, कारण त्यात थोडं खरंही आहे. मी गॅस एजन्सीत फोनवर बसते, दिवसभर लोकांचे नंबर आणि रुसवे उजव्या कानात घेते, संध्याकाळी तो कान तव्यासारखा तापतो आणि डावा शेजारी गार पडलेला असतो. लग्नात मी डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसते. सोफ्यावर डावी बाजू भिंतीला देते. इतकी वर्षं शरीरानं ही सगळी मांडणी आपली आपण केली होती आणि त्या बाईंनी पाच मिनिटांत ती उघडी पाडली. “कधीपासून?” त्यांनी विचारलं. सातव्या वर्षापासून. “कान वाहायचा?” हो. त्या जास्त काही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतरचं सगळं त्यांनी महेशला सोडून मला सांगितलं, माझ्या उजवीकडे खुर्ची ओढून. पडदा लाल आहे पण फुगलेला नाही. ताप थोडा आहे. दुखणं एकाच कानात आहे आणि मूल दोन वर्षांच्या वरचं आहे. अशा बऱ्याच मुलांचा कान दोन-तीन दिवसांत आपला आपण बरा होतो, पुष्कळदा आजार विषाणूचा असतो आणि त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. उगीच दिलं तर जुलाब होतात, अंगावर पुरळ येतं, आणि पुढं कधी खरंच लागलं तेव्हा ते कमी पडतं. कानात तेल नाही, थेंब नाहीत, काडी नाही. “आणि वाट पाहा म्हटलं म्हणजे दुर्लक्ष करा असं नाही,” त्या म्हणाल्या. “ताप एकशे दोनच्या वर गेला, कानातून पाणी आलं, कानामागं सूज आली, उलट्या झाल्या, पोरगी मलूल पडली, तर अठ्ठेचाळीस तासांची वाट बघू नका. तसंच उचलून या. नाहीतर सोमवारी सकाळी दाखवा.” मी मान हलवली. मला त्या बाईंचा राग आला होता आणि मला त्यांचं पटलंही होतं, आणि या दोन्ही गोष्टी मी स्कूटरवर मागं बसून, तेजलला मध्ये धरून, घरापर्यंत घेऊन आले.

घरी पोचेपर्यंत आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील, गोटीराम, मखमलाबादला अजून दोन बिघे झेंडू आणि शेवंती करतात. त्यांना बातमी माझ्याआधी कळलेली असते. “काय दिलं डागदरनी?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यावर तेच वाक्य आलं, जे मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. “पोरी, येळेवर औषध मिळालं नाय म्हणून तुझा कान गेला. आता तुझ्या पोरीचं तसं करू नको.” आमच्या घरात माझ्या कानाचा इतिहास हा एवढ्या एका वाक्याचा आहे. तो लग्नकार्यात सांगितला जातो, नव्या सुनांना सांगितला जातो, कुणाचं मूल शिंकलं तरी माझा कान पुढं केला जातो. माझा कान, माझ्याच विरुद्ध. मी आबांना म्हणाले, बघते. आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.

त्यांचं वाक्य खोटं आहे, हे मला माहीत होतं. सांगायचं धाडस तेवढं नव्हतं. मला सगळं आठवतं. पहाटे फुलं तोडायला सगळे वावरात जायचे आणि मला बांधावर बसवायचे, कानात कापूस घालून, वर मफलर गुंडाळून. कापसाचा वास यायचा, ओला, आंबूस. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, गुरुजी मला खिडकीपाशी बसवायचे आणि खिडकीतून येणारं वारं त्या कानात दुखायचं. आईला आम्ही बाई म्हणायचो. ती पळीत तेल घेऊन त्यात लसणाच्या दोन पाकळ्या टाकायची, पाकळ्या चुरचुरायच्या, मग ती तेल बोटावर घेऊन बघायची आणि मला मांडीवर आडवी घालून कानात सोडायची. ते कोमट तेल आत उतरायचं आणि सगळं जग लांब जायचं. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते. तिच्या मांडीचा, चुलीचा, तेलाचा वास, आणि थोडा वेळ काहीच दुखत नाही. आणि आबा फूलबाजारातून परत येताना मेडिकलवर सायकल थांबवायचे. तिथं सगळे एकाच तऱ्हेनं मागायचे. पोरीचा कान वाहतोय, दोन दिवसांचं द्या. पोराला खोकला आहे, दोन दिवसांचं द्या. दुकानदारही कात्रीनं पट्टी कापून द्यायचा, चार गोळ्या, कागदाच्या पुडीत. बाई कॅप्सूल उघडून भुकटी गुळात कालवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान कोरडा व्हायचा आणि सगळे खूश व्हायचे. महिन्याभरानं परत वाहायचा. परत दोन दिवसांचं. आधी लाल-पिवळ्या होत्या, मग हिरव्या आल्या, मग दुकानदारच म्हणाला की ही आता हिला लागू पडत नाही, ही नवीन घ्या. नवीनही दोन दिवसांची. अशी चार वर्षं गेली. मग सिव्हिलला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आबांना सांगितलं की आतली ऐकायची हाडं झिजून गेली आहेत, आता वाहणं बंद करू, ऐकणं परत येणार नाही. त्यातलं आबांनी ‘उशीर झाला’ एवढंच उचललं. त्यांनी मला औषध दिलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. मूठभर दिलं. पण एकदाही पुरतं दिलं नाही. आणि एकदाही कुणी कानात डोकावून पाहिलं नाही की आत काय चाललंय.

शनिवारी दुपारी सासूबाई आल्या. त्या गिरणाऱ्याला मोठ्या दिराकडे राहतात, टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की त्यांना कुणी घरी बसवू शकत नाही, तरी नातीसाठी बस पकडून आल्या. नाव भागुबाई, हात रापलेले, आवाज वावरातून वावरात जाणारा. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यात ओलं फडकं, फडक्यात गुलाबी औषधाची बाटली. “निकिताच्या पोराचं उरलेलं हाय,” त्या म्हणाल्या. “तेच कानाचं. आर्धी बाटली हाय, वाया कशाला घालवायची.” निकिता म्हणजे माझी जाऊ. आमच्या घरात अशा बाटल्या फिरतात. एका घरात पोर बरं झालं की बाटली दुसऱ्या घरच्या फ्रीजमध्ये, तिथून तिसऱ्या, माहेरवाशिणीच्या पिशवीतून, शिदोरीबरोबर. त्यात माया असते, हे मला कळतं. म्हणूनच तिला नाही म्हणणं अवघड. मी बाटली घेतली आणि फ्रीजच्या दारात ठेवली, दिली नाही, टाकलीही नाही. हा माझा भित्रेपणा होता. दिवसभर मी तेजलला मापून दुखण्याचं औषध देत राहिले, कॅलेंडरच्या पानावर वेळ लिहीत राहिले, कानामागं बोट फिरवून सूज पाहत राहिले. औषध पोटात गेलं की ती दोन-तीन तास खेळायची, खिचडी खायची, मग परत कान धरून बसायची. महेश टीव्हीपुढं बसून माझ्याकडे पाहायचा. बोलायचा नाही. त्याचं न बोलणं मला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं.

रविवारी दुपारी मी ओट्याशी पोळ्या करत होते. ओट्याशी उभी राहिले की माझी डावी बाजू हॉलकडे असते. घर घेताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्यामुळं फ्रीज कधी उघडला, बाटली कधी हलवली, तेजल कधी कण्हली, मला काहीच कळलं नाही. वास आला. खोट्या फळाचा तो गोड वास. वळून पाहिलं तर सासूबाईंच्या मांडीवर तेजल होती आणि गुलाबी भरलेला चमचा तिच्या ओठांशी गेलेला. मी पिठाच्या हातानं तो चमचा धरला. सासूबाईंच्या हातातून घेतला म्हणणं चुकीचं ठरेल, हिसकावलाच. औषध त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

“आई, हे द्यायचं नाही,” मी म्हणाले.

“आगं, पोरगी सकाळधरनं कण्हतीय,” त्या म्हणाल्या. “तुला ऐकू येत नाय का?”

महेश सोफ्यावरून उठला. तव्यावरची पोळी करपायला लागली होती. “मी तसं नाय म्हणत,” सासूबाई हळू म्हणाल्या. पण मला आता थांबायचं नव्हतं. “मला ऐकू येत नाही,” मी म्हणाले. “खरं आहे. आणि मला ऐकू येत नाही म्हणूनच मी हे देऊ देणार नाही. कुणाचं तरी उरलेलं, कुणाच्या तरी मापानं, तिच्या पोटात नाही जाणार.” महेश म्हणाला, “आईच्या हातातून चमचा ओढलास तू.” मी म्हणाले, “हो, ओढला.” तेव्हा त्यानं ते म्हटलं, जे दोन दिवस तो गिळत होता. “तुझ्यासारखी होऊ दे का तिला?” नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं हे वाक्य कधी आलं तर मी रडेन. रडले नाही. उलट पाय जमिनीला घट्ट टेकले. मी म्हणाले, “माझ्यासारखी होऊ नये याची काळजी या घरात माझ्याइतकी कुणाला असेल, ते सांग. तुला कानाची भीती वाटते. मी त्या भीतीत मोठी झालेय. मला शिकवू नकोस.” मी पोळी उलटायलाही गेले नाही.

सासूबाई तोवर बाटली डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण खुणेची रेघ कळते, पाणी कुठवर घालायचं त्याची. “निकितानं हे कालवलं कधी?” त्यांनी मलाच विचारलं. आतल्या भुकटीत पाणी घालून हे औषध तयार करतात, हे त्यांना माहीत होतं. मी हिशेब केला. निकिताचा मुलगा आजारी होता त्याला तीन आठवडे झाले असतील. “तीन आठवडे,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या वावरात पाहिलं होतं, एखादा गडी चुकीचं काम करताना दिसला की येतं ते. “आम्ही कालवलेलं औषध दुसऱ्या दिवशी पंपात ठेवत नाय. सकाळी कालवलं ते सांजेपत्तोर मारायचं, उरलं तर टाकायचं. शिळ्या औषधानं टमाट्यावरचा करपा रोग जात नाय, वर पानं जळत्यात.” मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “झाडाला नाय देत आपण, अन् पोरीला द्यायला निघाले मी.” मी बाटली घेऊन मोरीकडे निघाले तर त्यांनी थांबवलं. “मोरीत नको वतू. पाण्यात जातं ते. आम्ही हिरीपासून लांब खड्डा करतो.” खड्डा करायला तिसऱ्या मजल्यावर जागा नव्हती. आम्ही दोघींनी सकाळचा चहाचा चोथा, कांद्याची सालं आणि ते गुलाबी औषध एका पिशवीत कालवलं, गाठ मारली आणि कचऱ्यात टाकली. सासूबाईंचे हात माझ्या हातांशेजारी चालत होते. माफी वगैरे कुणी मागितली नाही. करपलेली पोळी त्यांनीच खाल्ली.

इथं गोष्ट संपली असती तर मी जिंकले असते. सोमवारी सकाळी तेजलच्या उशीवर पिवळसर ओला डाग होता. ताप एकशे दोन पॉइंट चार. मी डागावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं, आणि सात वर्षांची होऊन बांधावर बसले. तोच वास. दोन दिवस मी मिरवत असलेला सगळा ताठा त्या एका बोटावर उतरला. मला वाटलं, आबांचं खरं होतं. मला वाटलं, मी माझ्या शहाणपणापायी पोरीचा कान घालवला, आणि आता हीही सोफ्यावर भिंतीकडची जागा शोधत जाईल, हीही हसेल न ऐकलेल्या विनोदाला. मी चूक असेन ही शक्यता मी तोंडानं मान्य केली होती, पोटानं नाही. महेशनं डाग पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला म्हणायचं होतं ते मी त्याच्या आधी म्हणाले. “स्कूटर काढ. बाईंनी सांगितलं होतं पाणी आलं की तसंच या. आपण निघालोय.” आवाज माझाच होता, त्यात कुठून बळ आलं माहीत नाही. पण एक मला रस्त्यात लख्ख कळलं. माझ्या वेळी कापूस बदलायचे. आज आम्ही वीस मिनिटांत दवाखान्यात होतो.

डॉक्टरबाईंनी कान पुसून आत पाहिलं. पडदा फुगून त्याला बारीक भोक पडलं होतं. “आता अँटिबायोटिक द्यायचं,” त्या म्हणाल्या. महेशनं विचारलं, “मग शनिवारीच का नाही दिलं?” प्रश्न रास्त होता, मलाही तो विचारायचा होता. त्या चिडल्या नाहीत. “शनिवारी तेजलसारखी आणखी चार मुलं आली होती,” त्या म्हणाल्या. “चौघांचे कान या औषधाशिवाय बरे झाले, घरून फोन आलेत. हिला लागलं. शनिवारी बघून पाचांत कुणाला लागेल ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून तर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि तुम्ही ठेवलंत. ही भोकं बहुतेक भरून येतात.” हे ‘बहुतेक’ मला आवडलं नाही, पण खोटं ‘नक्की’ त्यांनी दिलं नाही याबद्दल मी मनात त्यांना मानलं. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटलं तरी दहा दिवस. बाटली कालवली की सात दिवस चालते, आठव्या दिवशी दुसरी कालवायची. कान कोरडा ठेवायचा. दहा दिवसांनी दाखवायचं, आणि सहा आठवड्यांनी ऐकण्याची तपासणी.

तिसऱ्या दिवशी तेजल पलंगावर नाचत होती. ताप नाही, पाणी नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी चमचा घेऊन तिच्यामागं फिरत होते, ती तोंड फिरवत होती, आणि महेश म्हणाला, “अगं बरी झाली ना आता. कशाला उगीच गरम औषध पोटात घालायचं? बंद कर.” मी हसले, रागानं हसले. शनिवारी ज्याला औषध हवंच होतं त्याला गुरुवारी नको झालं होतं. आपण लोक असे आहोत. नको तेव्हा मागतो आणि हवं तेव्हा सोडतो. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून बोलल्या. त्या गिरणाऱ्याला परत गेल्या नव्हत्या, टोमॅटो तोडायला बायका लावून इथंच थांबल्या होत्या. “महेश, अर्ध्या वावरात फवारा मारून घरी येतं का कुणी?” त्या म्हणाल्या. “उरलेला करपा मग औषधाला दाद देत नाय. तुला ठावं हाय, तू बापामागं पंप घेऊन हिंडलाय.” महेशनं तेजलला उचललं आणि मांडीवर धरून तिचं तोंड माझ्याकडे केलं. तिनं कडवट तोंड करून गिळलं. दहाव्या दिवसापर्यंत तोच धरत होता आणि मी देत होते. एकदाही चुकलं नाही. कॅलेंडरवर वीस फुल्या आहेत, कुणाला बघायच्या असतील तर या.

सहा आठवडे गेले. ते मी कसे काढले हे सांगायला नको. मी चोरून परीक्षा घेत राहिले. तिच्या डाव्या बाजूला जाऊन चुटकी वाजवायचे, कागद चुरगाळायचे, हळूच कुल्फीचं नाव घ्यायचे. ती कधी वळायची, कधी नाही, आणि साडेचार वर्षांची मुलं तशीही कधी ऐकतात, कधी नाही. तपासणीच्या दिवशी तिला त्याच दवाखान्यातल्या एका लहानशा खोलीत बसवलं, भिंतींना जाड गादी लावलेली, कानांवर मोठे हेडफोन, पुढ्यात लाकडी ठोकळे आणि टोपली. आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. मी काचेच्या बाहेर होते. आधी उजवा कान. ठोकळे पटापट पडले. मग तपासणाऱ्या ताईंनी मला खूण केली, आता डावा. तेजलनं ठोकळा हातात धरला आणि थांबली. मला काचेतून काहीच ऐकू येत नव्हतं, आवाज येतोय की नाही हेही कळत नव्हतं. नुसता तिचा हात. हात हवेत. मी त्या हातात सगळं आयुष्य घालून उभी होते. मग ठोकळा पडला. परत थांबली, परत पडला. ताई आवाज कमी कमी करत नेत होत्या, हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं, आणि ठोकळे पडतच होते. शेवटी टोपली भरली तेव्हा ताईंनी अंगठा वर केला. दोन्ही कान बरोबर. पडदा पूर्ण भरून आला होता. मी काचेला डोकं टेकवलं आणि तिथं, भर दुपारी, लोकांसमोर, मनसोक्त रडले.

बाहेर व्हरांड्यात आले तोच आबांचा फोन. मी सांगितलं. त्यांचा आवाज भरून आला. “देवानं ऐकलं,” ते म्हणाले. मग नाक ओढलं आणि लगेच म्हणाले, “बघ, येळेवर औषध मिळालं म्हणून वाचला पोरीचा कान. तुला मिळालं नाय.” आणि त्याच दमात, “बरं, रोहितच्या स्वराजचा कान दुखतोय कालधरनं. लय रडतंय लेकरू. तुझ्याकडची बाटली उरली असंल ना, रोहित घ्यायला येतोय. दोन दिवसांचं असलं तरी चालंल.”

रोहित माझा धाकटा भाऊ. स्वराज दीड वर्षाचा, आमच्या घरातलं सगळ्यात लहान मूल. ताई माझ्या हातात तपासणीचा कागद देत होत्या, तो मी घेऊन त्याची घडी घातली.

“आबा,” मी म्हणाले, “मला औषध मिळालं होतं. चार वर्षं मिळालं. दर वेळी दोन दिवसांचं मिळालं. कान थांबला की तुम्ही थांबलात, आणि एकदाही कुणाला दाखवलं नाहीत. म्हणून गेला माझा कान. उशीर झाला म्हणून नाही.”

पलीकडून फुलबाग असलेल्या घरातले आवाज येत राहिले, कोंबडी, कुणीतरी बादली ओढल्याचा. मला वाटलं ते फोन तसाच ठेवून उठून गेले. पण मग ते बोलले, आणि आवाज इतका खाली होता की मी फोन कानात खुपसला.

“तुझी बाई म्हणायची, आजून आणा,” आबा म्हणाले. “म्हणायची, मोठ्या डागदरला दाखवू. मीच म्हणायचो, थांबलाय ना आता.”

अशा वेळी मुलीनं काय म्हणायचं ते मला माहीत आहे. जाऊ द्या, आबा. तेव्हा कुणाला कळत होतं. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. ही वाक्यं जिभेवर आली होती, तयार होती, मी आयुष्यभर अशीच बोलत आले आहे. माझ्या बाईचं म्हणणं पंचवीस वर्षांनी मला पहिल्यांदा कळत होतं, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली. मी ‘जाऊ द्या’ म्हणाले नाही.

“माझ्याकडे बाटली नाही,” मी म्हणाले. “असती तरी दिली नसती. मी अजून दवाखान्यातच आहे, नंबर लावून बसते. स्वराज दोन वर्षांच्या आतला आहे, त्याला आज दाखवायलाच हवं. रोहितला सांगा, त्याला घेऊन इकडे यायला. आणि आबा, तुम्हीही या.”

“मी काय करू तिथं,” ते म्हणाले.

“डॉक्टरबाई काय सांगतात ते ऐका,” मी म्हणाले, आणि नंबर लावायला आत गेले.